घरगुती अवजारे आणि टेबलावरचा थ्रीडी प्रिंटर

घरातल्या वस्तू बहुधा एखाद्या लहानशा भागापायी निकामी होतात. पडद्याच्या रॉडची एका बाजूची टोपी हरवते, कपाटाच्या फळीला खालून आधार देणारी खुंटी तुटते, रेडिओचे आवाजाचे बटण चिरते, ड्रॉवर रुळावरून घसरू न देणारी प्लास्टिकची जीभ झिजते. भाग पाच-दहा रुपयांचा असतो. पण तो सुटा मिळत नाही, मिळाला तरी जुन्या मॉडेलचा मिळत नाही, आणि शेवटी सबंध वस्तूच बदलावी लागते. अवजारांचेही तसेच. सुताराला, शिवणकाम करणारीला किंवा हातातला जोर कमी झालेल्या वृद्धाला नेमके जे साधन हवे असते, ते त्यांच्या मापाचे दुकानात नसते. टेबलावर मावणारा थ्रीडी प्रिंटर घरात खरा उपयोगी पडतो तो अशा ठिकाणी.

साच्यातून होणारे प्लास्टिकचे काम संख्येवर चालते. पोलादी साचा बनवायला लाखांच्या घरात खर्च येतो आणि तो वसूल व्हायला एकाच नगाच्या हजारो प्रती खपाव्या लागतात. ज्या भागाला दहाच गिऱ्हाइके आहेत तो कोणताही कारखाना करत नाही. प्रिंटरला साचा लागत नाही. पहिला नग आणि शंभरावा नग त्याला सारखाच पडतो. म्हणून बादली, डबा किंवा कपड्यांचे चिमटे त्यावर करत बसण्यात अर्थ नाही. साच्यातली बादली नेहमीच स्वस्त आणि टिकाऊ असणार. जिचे गिऱ्हाईक जगात एकच घर आहे, ती वस्तू या यंत्राची.

यंत्राची रचना समजायला अवघड नाही. रिळावर गुंडाळलेली १.७५ मि.मी. जाडीची प्लास्टिकची तार, म्हणजे फिलामेंट, एका दातेरी चाकाने पुढे ढकलली जाते. तापलेल्या नळीत ती वितळते आणि ०.४ मि.मी. भोकाच्या पितळी नोझलमधून बाहेर पडते. नोझल फिरत फिरत बेडवर, म्हणजे खालच्या सपाट पाटावर, वस्तूच्या तळाचा आकार रेखाटते. एक थर झाला की नोझल आणि बेड यांच्यातले अंतर सहसा ०.२ मि.मी.ने वाढते आणि त्यावर पुढचा थर बसतो. तीन सेंटिमीटर उंचीच्या वस्तूत असे दीडशे थर येतात. पीएलए जातीच्या एक किलोच्या रिळात सुमारे ३३० मीटर तार असते. घरगुती वापराचा एखादा हुक किंवा कंस १५ ते ३० ग्रॅममध्ये होतो.

यंत्राला काय करायचे ते फाइलमधून कळते. संगणकावर वस्तूचा घनाकार काढायचा, तो एसटीएल प्रकारच्या फाइलमध्ये साठवायचा आणि स्लायसर नावाच्या प्रोग्रॅमला द्यायचा. स्लायसर त्या आकाराचे आडवे काप करतो आणि नोझलने कुठून कुठे, किती वेगाने, किती तापमानावर जायचे याच्या हजारो ओळी लिहून देतो. क्युरा आणि प्रुसास्लायसर हे यातले फुकट मिळणारे, सर्रास वापरले जाणारे प्रोग्रॅम. आकार काढण्यासाठी नवशिक्याला ब्राउझरमध्येच चालणारे टिंकरकॅड पुरते. अवजारे करायची असतील तर मात्र फ्रीकॅड किंवा ओपनएससीएडी शिकण्याचे कष्ट सार्थकी लागतात. ओपनएससीएडीमध्ये वस्तू रेखाटत नाहीत, आकड्यांत लिहितात. भोकाचा व्यास ६ ऐवजी ६.२ केला की त्याभोवतीची भिंतही आपोआप सरकते. मापाच्या कामाला ही पद्धत फार सोयीची आहे.

हे तंत्र वाटते त्यापेक्षा जुने आहे. अमेरिकेत चक हल यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनमधून थरावर थर चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट १९८४ साली मागितले आणि १९८६ साली त्यांना ते मिळाले. वितळलेल्या प्लास्टिकची रेघ ओढत वस्तू उभी करण्याची पद्धत स्कॉट क्रंप यांची. मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करताना ग्लू गनमधून थर देत जाण्याची कल्पना त्यांना सुचली. १९८९ साली त्यांनी पेटंटचा अर्ज केला आणि पत्नी लिसा यांच्यासह स्ट्रॅटासिस ही कंपनी काढली. पुढची वीस वर्षे ही यंत्रे कारखान्यांच्या आणि मोठ्या प्रयोगशाळांच्याच आवाक्यात होती. ती घरात आली ती इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या एड्रियन बोयर यांच्या रेपरॅप प्रकल्पामुळे. २००५ च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रकल्पाचे ध्येय होते, स्वतःचे बरेचसे भाग स्वतःच छापू शकणारे यंत्र. त्याचे आराखडे सर्वांना खुले ठेवले होते. २००८ साली ‘डार्विन’ या त्यांच्या यंत्राने आपल्यासारख्याच दुसऱ्या यंत्राचे प्लास्टिकचे भाग छापून दाखवले. २००९ मध्ये क्रंप यांच्या मूळ पेटंटची मुदत संपली, खुल्या आराखड्यांवरून जगभर यंत्रे बनू लागली आणि किमती झपाट्याने उतरल्या. आज घरोघरी दिसणाऱ्या प्रिंटरांचा वंश ‘डार्विन’पर्यंत जातो. म्हणजे दुरुस्तीसाठी लागणारा भाग घरीच छापावा हा विचार या यंत्राच्या जन्मातच आहे.

महाराष्ट्राचाही या वाटेशी जुना संबंध आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणे हा त्याचा पाया. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने २००२ साली तिथे फॅब लॅब, म्हणजे डिजिटल यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली. एमआयटीबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. खेड्यातल्या माणसाला अडलेली वस्तू त्याने स्वतः आखून स्वतः करावी, हा तिचा हेतू घरगुती अवजारांनाही तंतोतंत लागू पडतो. पुढे नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून सहावी ते बारावीच्या मुलांपर्यंत थ्रीडी प्रिंटर पोहोचला. तिथे त्यावर बहुतेक वेळा कीचेन आणि नावाच्या पाट्याच छापल्या जातात, ही खेदाची गोष्ट आहे. शाळेच्या बाकाचा निखळलेला कोपरा मोजून त्याला बसणारा भाग करणे हा त्याहून चांगला धडा ठरेल.

कारण या कामातले खरे कौशल्य मोजण्यात आहे. प्रिंटर विकत मिळतो, माप विकत मिळत नाही. पट्टीने घेतलेले माप इथे चालत नाही. व्हर्नियर किंवा डिजिटल कॅलिपर प्रिंटरइतकाच आवश्यक आहे. शिवाय छापलेली वस्तू फाइलमधल्या मापाशी तंतोतंत जुळत नाही. भोके किंचित लहान येतात. सर्वांत खालचा थर बेडवर दाबला जाऊन थोडा पसरतो, म्हणून तळाची कड अर्धा मिलिमीटर तिरकी कापलेली ठेवावी लागते. एकात एक बसणाऱ्या दोन भागांमध्ये ०.२ ते ०.३ मि.मी. फट सोडली तर ते सरकतात. फट त्याहून कमी ठेवली तर ठोकून बसवावे लागतात.

रेडिओच्या बटणाचेच पाहावे. ते ज्या दांड्यावर बसते त्याचा व्यास बहुधा ६ मि.मी. असतो आणि एक बाजू सपाट केलेली असते. त्या सपाट बाजूपासून समोरच्या गोलाईपर्यंतचे माप ४.५ मि.मी. भरते. फाइलमध्ये भोक नेमके ६ मि.मी.चे ठेवले तर बटण दांड्यावर चढतच नाही. ६.२ आणि ४.६ असे धरले तर बहुतेक यंत्रांवर ते हाताने दाबून बसते. पण ‘बहुतेक’वर विसंबू नये. अख्खे बटण छापण्याआधी फक्त तेवढ्या भोकाची ३ मि.मी. उंचीची चकती छापावी. काही मिनिटांत ती हातात येते, दांड्यावर बसवून पाहता येते आणि आकडा ठरवता येतो. एका यंत्रावर एका प्लास्टिकसाठी ठरलेला हा आकडा वहीत लिहून ठेवला की पुढच्या प्रत्येक कामात तो उपयोगी पडतो.

मापानंतर प्रश्न येतो तो जोराचा. छापलेली वस्तू सर्व दिशांनी सारखी मजबूत नसते. थराच्या आतली रेघ सलग प्लास्टिकची असते, तर दोन थर एकमेकांना फक्त चिकटलेले असतात. वस्तू तुटते ती बहुतेक वेळा दोन थरांच्या सांध्यात. भिंतीवरचा पिशवी अडकवायचा हुक उभा छापला तर वाकाच्या सुरुवातीलाच थर आडवे येतात आणि भाजीची जड पिशवी अडकवताच तो तिथून कटकन मोडतो. तोच हुक कुशीवर आडवा निजवून छापला की प्रत्येक रेघ वाकाबरोबर वळत जाते आणि तेवढ्याच प्लास्टिकमध्ये तो कितीतरी जास्त वजन पेलतो. आतला कोपरा काटकोनी न ठेवता गोलसर केला की जोर एकाच ठिकाणी साचत नाही. मजबुतीसाठी आतली जाळी, म्हणजे इन्फिल, दाट करण्याकडे नवशिक्याचा ओढा असतो. हा मार्ग कमी फायद्याचा आहे. वाकवणारा ताण बाहेरच्या कातडीवर सर्वांत जास्त येतो, म्हणून बाहेरच्या भिंती दोनाच्या चार कराव्यात. जाळी वीस टक्के पुरते.

छापताना हवेत लोंबणाऱ्या भागांचाही विचार करावा लागतो. उभ्या रेषेपासून सुमारे ४५ अंशांपर्यंत कललेली भिंत आधाराशिवाय उभी राहते. त्याहून आडवी असेल तर खाली सपोर्ट छापावा लागतो, नंतर तो तोडून काढावा लागतो आणि ती बाजू खडबडीत राहते. चांगला आराखडा तो, ज्याला सपोर्टच लागत नाही.

प्लास्टिकच्या जाती मोजक्या आहेत, पण चुकीची निवडली तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. पीएलए मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून करतात. नोझल १९० ते २२० अंश सेल्सिअसवर ठेवले की ते सहज छापले जाते, वाकडे होत नाही आणि ताठ असते. त्याचा दोष उष्णतेचा: ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडते. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर पीएलएचा मोबाइल स्टँड मान टाकतो. दुसरा दोष कमी माहितीचा आहे. सतत ताणाखाली ठेवलेले पीएलए थंडीतही हळूहळू वाकत जाते, त्यामुळे स्क्रूने करकचून आवळलेला कंस काही महिन्यांनी सैल पडतो. पीईटीजी सुमारे ८० अंशांपर्यंत टिकते, थोडे लवते आणि पाण्याला दाद देत नाही. न्हाणीघर, मोरी आणि बाल्कनी यांच्यासाठी तेच योग्य. एबीएस १०० अंशांच्या आसपासपर्यंत ताठ राहते, पण थंड होताना आकसते, बेडवरून कोपरे उचलते आणि वितळताना उग्र वासाची वाफ सोडते. कायम उन्हात राहणाऱ्या वस्तूला त्याचेच भावंड एएसए बरे. टीपीयू रबरासारखे असते; खुर्चीच्या पायाच्या टोप्या आणि कपाटाच्या दारामागची ठोकळी यांना ते लागते. एकच रिळ घ्यायचे असेल तर घरगुती अवजारांसाठी ते पीईटीजीचे असावे.

आता अवजारांकडे वळता येईल. या यंत्राला सर्वांत शोभणारे अवजार म्हणजे भोके पाडताना ड्रिलला वाट दाखवणारा गाइड. कपाटाच्या हँडलच्या दोन स्क्रूंमधले अंतर बहुधा ९६ किंवा १२८ मि.मी. असते. सहा दारांवर ते पट्टीने आखत गेले की एक तरी हँडल तिरके बसते आणि ते रोज डोळ्यांत खुपते. दाराच्या दोन कडांना टेकणारी एल आकाराची पट्टी छापून तिच्यात ९६ मि.मी. अंतरावर दोन भोके ठेवली की सहाही दारे एकसारखी होतात. पट्टीची किनार दोन्ही बाजूंनी सारखी उचललेली असली तर तीच उलटी करून डाव्या आणि उजव्या दोन्ही दारांना चालते. मात्र फिरणारे ड्रिल उघड्या प्लास्टिकला घासून भोक मोठे करते, म्हणून आत पितळी किंवा पोलादी नळीचा तुकडा बसवावा. प्लास्टिकने जागा धरायची आणि धातूने घर्षण सोसायचे, ही विभागणी इतरही कामांत पाळण्यासारखी आहे.

आट्यांच्या बाबतीत ती विशेष लागू पडते. जाड, रुंद आटे प्रिंटर चांगले छापतो. शिकंज्याचा मोठा स्क्रू त्यावर सहज होतो. बारीक आटे मात्र दोन-चारदा आवळले की झडतात. तिथे भागातच षटकोनी खाच ठेवून लोखंडी नट बसवावा. एम४ नटाचे समोरासमोरच्या बाजूंमधले माप ७ मि.मी. असते, खाच ७.२ ची ठेवली की तो फिरत नाही आणि निसटतही नाही. दुसरा मार्ग म्हणजे आटे असलेली पितळी टोपी सोल्डरिंग आयर्नने तापवून प्लास्टिकमध्ये रुतवणे.

हातातला जोर कमी झालेल्यांसाठी या यंत्राइतके उपकारक दुसरे साधन क्वचितच सापडेल. पाण्याच्या बाटलीचे झाकण साधारण ३ सें.मी. रुंद असते, म्हणजे बोटांचा जोर मध्यापासून दीड सेंटिमीटरवर पडतो. झाकणाच्या खाचांना पकडणारे दातेरी कडे आणि त्याला मध्यापासून ९ सें.मी. पोहोचणारा दांडा असे अवजार केले तर तेवढ्याच जोराला सहापट वळण मिळते. कड्याचे आतले माप वरच्या बाजूस किंचित निमुळते ठेवले की निरनिराळ्या कंपन्यांची झाकणे एकाच चावीने उघडतात. दांड्याची जाडी मात्र ज्याचा हात त्याच्या मापाने ठरवायची. संधिवाताने बोटे पूर्ण मिटत नसतील तर तीन सेंटिमीटरची गोल मूठ लागते. गाडीच्या किल्लीची रुंद मूठ, पेनाची जाड पकड, सुईत दोरा ओवताना सुई उभी धरणारा ठोकळा हे सगळे याच घराण्यातले.

आवश्यक अवजार जिथे कुठूनच येऊ शकत नाही तिथे ही पद्धत किती कामी येते, हे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर दिसले. तिथे २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये पहिला थ्रीडी प्रिंटर सुरू झाला आणि डिसेंबरमध्ये पृथ्वीवरून पाठवलेल्या फाइलवरून त्यावर रॅचेट पाना छापला गेला. १०४ थरांचा तो पाना सुमारे चार तासांत तयार झाला. त्याचे फिरणारे भाग जागच्या जागीच छापलेले होते, जोडणीची गरज पडली नाही.

काही कामे या यंत्राला कधीही सांगू नयेत. गॅसच्या शेगडीचा किंवा रेग्युलेटरचा कोणताही भाग, विजेच्या जिवंत तारेला लागणारा भाग, दाबाखालच्या पाण्याचा जोड, शिडीची पायरी, पाळण्याचा हुक आणि डोक्यावर टांगलेले वजन ही त्यातली मुख्य. अन्नाला सतत लागणाऱ्या वस्तूही टाळाव्यात. थरांमधल्या खाचांत अन्नाचे कण अडकतात, त्या घासून निघत नाहीत, आणि पितळी नोझलमध्ये शिशाचा अंश असू शकतो. चमच्याची मूठ चालेल, चमच्याची वाटी नाही.

यंत्र घरात कुठे ठेवावे यालाही महत्त्व आहे. वितळणाऱ्या प्लास्टिकमधून अतिसूक्ष्म कण हवेत येतात, एबीएसमधून स्टायरीनची वाफही येते. म्हणून झोपायची खोली आणि स्वयंपाकघर वगळून हवा खेळती असलेली जागा निवडावी. नोझल दोनशे अंशांच्या वर तापते, तेव्हा लहान मुलांच्या हाताला ते लागता कामा नये. तापमान बेसुमार वाढल्यास आपोआप बंद होण्याची सोय नसलेले जुने यंत्र रात्रभर एकटे चालू ठेवू नये. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने फिलामेंट हवेतली ओल शोषते. मग नोझलमधून चटचट आवाज येतो, वस्तूवर कोळिष्टकासारखे तंतू लोंबतात आणि थर नीट चिकटत नाहीत. रिळ घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावे. ओलावलेच तर पीएलए ४५ ते ५० आणि पीईटीजी ६५ अंशांच्या आसपास काही तास सुकवावे. वीज वारंवार जाणाऱ्या गावी लहान यूपीएस घेणे पाच तासांचे काम साडेचार तासांवर गमावण्यापेक्षा परवडते.

खर्चाचा हिशेब साधा आहे. फिलामेंट किलोला हजार रुपयांच्या आसपास पडते, म्हणजे वीस ग्रॅमच्या कंसाला वीस रुपये. वीज त्यामानाने किरकोळ, कारण घरगुती यंत्र तापल्यानंतर साधारण १०० ते १५० वॅटवर चालते. महाग पडतो तो वेळ. छपाईला दोन तास आणि आराखड्याला एक संध्याकाळ, असे प्रमाण नेहमीचे. तयार फाइली थिंगिव्हर्स किंवा प्रिंटेबल्स यांसारख्या संग्रहांतून फुकट मिळतात. मात्र प्रत्येक फाइलची परवान्याची अट वाचावी, कारण अनेकांत विक्रीला मनाई असते. भारतात नोंदवलेल्या डिझाइनची विक्रीसाठी नक्कल करणे २००० सालच्या डिझाइन कायद्याच्या कक्षेत येते.

फसलेले नग आणि तोडलेले सपोर्ट यांचा कचराही धरायला हवा. पीएलए कुजते असे सांगितले जाते ते कारखान्यातल्या सुमारे ६० अंश तापमानाच्या खतप्रकल्पात. परसातल्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षे तसेच राहते. कचरा कमी करायचा तो आधी चकती छापून माप तपासून, आणि तुटलेला भाग फेकण्यापूर्वी तो कुठे तुटला हे पाहून. थरांच्या सांध्यात तुटला असेल तर छापण्याची दिशा बदलावी. रेघांच्या आरपार तुटला असेल तर तेवढ्याच ठिकाणी जाडी वाढवावी. फाइलच्या नावातच वस्तू, प्लास्टिक आणि बदललेले माप नोंदवले तर दोन वर्षांनी तोच भाग पुन्हा लागल्यावर मोजणी नव्याने करावी लागत नाही.